संबळ, गिटार आणि कवड्यांची माळ

आमच्या जोडीतला गिटारवाला मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. उदगीरच्या आडत दुकानदाराचा मुलगा, पुण्याला शिकून आलेला, आणि कशावरही "वा, काय ऑथेंटिक आहे!" म्हणून डोळे मिटणारा. मी संबळ वाजवतो आणि गातो. तो गिटार आणि लॅपटॉप सांभाळतो. नांदेडच्या एका कॉलेजात पोरांनी आम्हा दोघांना हट्टानं एकत्र वाजवायला लावलं आणि टाळ्या पडल्या. त्या पडल्या नसत्या तर मी सुटलो असतो.

तो मला कानात इअरफोन घालायला लावायचा. त्यात टिकटिक चालू राहते आणि तिला धरून वाजवायचं असतं. गोंधळात लय माणसांबरोबर चढते, इथे ती जागची हलायची नाही. एसीच्या गारव्यानं संबळाचं कातडं सैल पडून आवाज उतरला की हा म्हणायचा, "असू दे, मी लॅपटॉपमधून भरतो." भरतो म्हणे! माझा हात म्हणजे काय रस्त्यातला खड्डा होता? दोन-तीन गाणी मात्र खरंच चांगली झाली. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

माझे वडील चाकूरकडच्या एका खेड्यात राहतात. जन्मभर गोंधळ घातलेला माणूस. त्यांनी आमचं गाणं मोबाइलवर ऐकलं आणि अर्ध्यातच बंद केलं. "घड्याळासंगं वाजवायलास का?" एवढंच म्हणाले.

आमच्यात गळ्यात कवड्यांची माळ पडते तेव्हा माणूस गोंधळी होतो. ती थोरल्याच्या हातून पडावी लागते, स्वतःच विकत घेऊन घातली तर ती नुसती शोभेची. मी चाळिशीला आलो तरी माझा गळा मोकळाच होता. वडिलांनी एकदा "ये, बस म्होरं" म्हणावं, याची मी वर्षानुवर्षं वाट पाहत होतो. टिकटिकीवर वाजवायला लागल्यावर तर ते आता म्हणणारच नाहीत, अशी माझी खात्री झाली. तोही राग मी गिटारवाल्यावरच काढायचो.

लातूरला दुपारचा कार्यक्रम होता. उदगीरहून येताना गिटारवाला वाट वाकडी करून वडिलांना गाडीतून घेऊन आला होता. मी स्टेजमागच्या खोलीत शिरलो, तर हा आरशासमोर उभा. जीन्स, काळा टी-शर्ट आणि गळ्यात कवड्यांची माळ.

"काढ," मी म्हणालो.

"ऐक ना, मी तुला सांगणारच होतो..."

"तुळजापूरच्या दुकानातली ना? आमचं सोंग घेतो का रे? लाज न्हाई वाटत?"

तो मागे सरकला. मी माळ धरली आणि हिसका दिला. दोरा तुटला, कवड्या फरशीभर उडाल्या. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

वडील दारातच उभे होते. ते खाली बसले आणि कवड्या वेचू लागले.

"ऱ्हाऊ द्या, दादा," मी म्हणालो. "बाजारची हाय ती."

"समद्यांची बाजारचीच असती. पर घातली म्या हाय. आज सकाळी, घरी, देवीम्होरं बसवून."

"ह्याला? ह्यो कुठला गोंधळी?"

"गोंधळी म्हणून न्हाई, देवीचा सेवेकरी म्हणून. त्यानं मागितली."

"आन् मला?"

त्यांनी मान वर केली. "तू कवा मागितली?"

कार्यक्रम झाला. गिटारवाला माळेविना, मोकळ्या गळ्यानं वाजवत होता आणि एकदाही माझ्याकडे पाहत नव्हता. वडील समोरच्या रांगेत रुमालात बांधलेल्या कवड्या मांडीवर घेऊन बसले होते.

माळ मागावी लागते हे मला माहीतच नव्हतं, असं मी घरी बायकोला सांगितलं. ते खोटं होतं. मला लहानपणापासून माहीत होतं. पण मागितली आणि ते नाही म्हणाले तर, या भीतीनं मी वीस वर्षं तोंड उघडलं नाही. उदगीरच्या त्या पोराला ही भीती वाटलीच नाही. तो गेला, पुढे बसला आणि "घाला" म्हणाला. मी अजून त्याची माफी मागितलेली नाही, आणि वडिलांकडे माळही मागितलेली नाही.