भरल्या घरातली उसनी वाटी

आमच्या पाड्यावर माझ्या आईला सगळे हुशार बाई म्हणायचे. वैशाखरे गावाच्या अलीकडे रस्त्यापासून आत आमची पंधरा-वीस घरं आहेत. जमीन कुणालाच नाही. रेशनचा तांदूळ बहुतेकांना महिनाभर पुरत नाही. आमचा मात्र साठत होता. पाहुणे म्हणायचे, "जुना तांदूळ हाय घरात, म्हंजे बाई सांभाळणारी हाय." आई मान खाली घालून हसायची आणि मलाही बरं वाटायचं. जुना तांदूळ राखणारी बाई गुणाची, हे आमच्याकडे कुणीही सांगेल. म्हणूनच बराच काळ कुणाला शंका आली नाही. मला तर फारच उशिरा आली, आणि घरात शिकलेली मीच.

पूर्वी दिवाळीनंतर आम्ही सगळेच वीटभट्टीवर जायचो. आईचे गुडघे गेल्यावर ती घरी राहू लागली. वडील आणि भाऊ भट्टीवर, मी शहापूरला वसतिगृहात. चौघांचं रेशन आणि खाणारी एकटी, मग तांदूळ उरणारच, असं मी धरून चालले. दर सुट्टीत घर थोडं लहान झालेलं दिसायचं. आधी कोपऱ्यात तेलाचा एक डबा. मग भिंतीला लागून सिमेंटच्या धुतलेल्या गोण्या. मग रंगाचे डबे आणि दुधाच्या पिशव्या, प्रत्येकीत मूठ-मूठ तांदूळ, तोंड दोऱ्याने बांधलेलं. शेवटी माझ्या झोपायच्या जागेवरही गोणी आली. मी वसतिगृहात मैत्रिणींना सांगायचे, आमच्या घरात गोदाम आहे. त्या हसायच्या. मीही हसायचे.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत, वडील आणि भाऊ भट्टीवर गेल्यावर, शेजारच्या काकीने मला नळावर अडवलं.

"काय गो, खायाला नाय का तुमच्या घरात?"

"का?"

"तुजी आई रोज वाटी घेऊन येते. वाटीभर तांदूळ उसना दे म्हनते. रेशनला तर गोणी खांद्यावर टाकून आणते. तो काय तुज्या कॉलेजात फी म्हनून जातो?"

मला काकीचाच राग आला. तरातरा घरी आले. आई चुलीपुढे होती. पातेल्यात नुसतं पाणी दिसत होतं, तळाशी थोडीशी शितं. ती लाकूड पुढे सारत होती तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. एवढी वाळलेली ती मला तोवर दिसलीच नव्हती, की मी पाहिलंच नव्हतं, सांगता येत नाही.

"आई, एवढा तांदूळ आहे की."

"तो ठेवलाय."

"कशाला?"

"लागंल."

"मग आज लागतोय ना!"

ती पातेलं ढवळत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती लाकडं आणायला गेली. मी सगळ्यात जुना डबा उघडला. आत जाळी, सोंडे आणि पिठासारखा भुगा. तो कोंबड्यांनीही टाकला. एका नव्या गोणीतून मी पातेलंभर भात शिजवला. वाटलं, वास आला की ती बसेल आणि जेवेल. ती आली, तिने आधी गोणीचा सुटलेला दोरा पाहिला. मग फडकं न घेता ते गरम पातेलं उचललं, अंगणात चादर पसरली आणि सगळा भात तिच्यावर ओतून हाताने पसरू लागली. वाळवायला. वाळला की गोणीत परत भरायला. तिचे तळवे लाल झाले होते. त्या दुपारी ती काकीकडची पेज प्यायली.

ही काटकसर नाही, हे मला तेव्हा कळलं.

मी भट्टीवर वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "लोकांच्या बायका उडवतात, ही साठवते. त्यात वाईट काय? कॉलेजात जाऊन आईला येडी ठरवायला शिकलीस का?" मग म्हणाले, तुम्ही लहान असताना एका पावसात घरात दाणा नव्हता, तिने रानातला कडूकंद उकडून खाऊ घातला, ती भीती असंल. असेल. पण कडूकंद पाड्यावरच्या सगळ्याच आयांनी खाऊ घातला. त्यांच्यातली एकही शिजलेला भात वाळत घालत नाही.

वसतिगृहातल्या बाईंनी सांगितलं की सरकारी दवाखान्यात ठरलेल्या दिवशी मनाच्या आजारांचे डॉक्टर येतात. आई तशी आली नसती. मी खोटं बोलले. म्हणाले, तुझ्या गुडघ्यांसाठी चांगले डॉक्टर आलेत.

डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि मागे रांग उभी होती. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास होतो? मी बोलायला लागले. गोण्या, वाटी, चादर. आई माझा हात ओढत हळूच म्हणाली, "गुडघं सांग ना गो." मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. डॉक्टरांनी तिचं वजन केलं, तिच्याशी बराच वेळ नीट बोलले, गोळ्या लिहिल्या. म्हणाले, हा आजार आहे, बरं व्हायला वेळ लागेल, घरातलं काही तिला न विचारता फेकू नका.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "माजी चोरी सांगाय आणलंस मला?"

एसटीत ती दुसऱ्या सीटवर बसली. घराशी पोचल्यावर दारात आडवी उभी राहिली. "तू आत नको येऊ." मी गोळ्यांची पिशवी काकीकडे दिली आणि शहापूरला परत आले.

काकी रोज तिला बोलावून आपल्यासमोर जेवायला बसवते. गोळ्या आई कधी घेते, कधी नाही. काकीकडे माझा फोन आला की उठून जाते. दवाखान्याची पुढची तारीख आठ दिवसांवर आहे. या वेळी कुठे आणि कशासाठी जायचं ते मी तिला खरं सांगणार आहे, दाराबाहेर उभी राहून. ती नाही म्हणेल, असंच मला वाटतं.