टीव्हीतला शंकरपट

लोकांच्या ऑफिसात फायली साठतात, आमच्या ऑफिसात किस्से साठतात. एक सांगून होत नाही तोवर दुसरा दारात चप्पल काढत असतो! मैत्रिणी फोन करून विचारतात, "काय गं, गेम झाला का?" मी म्हणते, "गेम सोडून बाकी सगळं झालं. वेळ आहे का? बस, सांगते."

आमचं ऑफिस म्हणजे वाशीमला खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मी डिझायनर. प्रोग्रॅमिंग कारंज्याचा गजा करतो, आवाजाचं काम रफीककडं. मुख्य ऑफिस पुण्यात. तिथल्या केतकी मॅडम आमच्यावर देखरेख ठेवतात, म्हणजे मेल पाठवतात.

गेम शंकरपटाचा. बैलजोडी छकड्याला जुंपून पळवायची. पण पळवायची टीव्हीसमोर उभं राहून! दोन हातांत दोन कंट्रोलर, तेच कासरे. हात मागं ओढला की पडद्यावर बैल आवरतात, सैल सोडला की सुटतात. कल्पना माझी. "पट तिकडं होतात तर काम इथं पुण्यात कशाला?" असं मीटिंगमध्ये बोलून वाशीमचं ऑफिस काढायला लावणारीही मीच. त्यामुळं गेमला पैसे देणाऱ्या परदेशातल्या कंपनीला डेमो आवडला नाही तर ऑफिस बंद आणि मी परत पुण्यात, हे ठरलेलं होतं. वाशीमजवळच्या आमच्या मालेगावहून रोज स्कूटीनं यावं, संध्याकाळी आईच्या हातचं जेवावं, हे सोडून मला कुठंही जायचं नव्हतं. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढं माझं डोकं का फिरतं ते कळेल.

*

खालच्या दुकानाचे मालक मोहनसेठ, हेच आमचे घरमालक. खोल्या देताना त्यांनी एकच विचारलं, "गेम म्हंजे तो मोबाईलवरचा सट्टा नाई ना?"

मी शपथेवर सांगितलं की नाही.

तरी त्यांचं मन मानेना. एका दुपारी आवाज न करता जिना चढून वर आले. मी, गजा आणि रफीक टीव्हीकडं तोंड करून ओळीत उभे होतो, हात पुढं करून हवा ओढत होतो आणि "हो हो हो, हर्र!" करून ओरडत होतो. कंट्रोलर त्या दिवशी चार्जिंगला लावलेले. नुसता हातांचा सराव चालला होता. सेठ दारातूनच परत गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर अंगाऱ्याची पुडी. खाली जाऊन विचारलं तर म्हणाले, "सट्टा राह्यला असता तं पोलिसायले सांगतलं असतं. ह्याले कोनाले सांगू?"

*

मग आम्ही जाणकार माणूस शोधला. अनसिंगचे उकंडाकाका. आयुष्यभर पटात जोड्या हाकलेला माणूस, साऱ्या तालुक्यात नाव. मला वाटलं, आता काम धावेल. काका आले, खुर्ची टीव्हीजवळ ओढली आणि बैलांकडं बघत बसले. चहा झाला. दुसरा चहा झाला.

"काका, खेळून बघता का?"

"दात किती?"

"कुणाचे?"

"बैलाचे. दात पायल्याबिगर कोनी जोडी हाती घेते काय?"

मी समजावलं, "काका, या बैलाचं तोंड उघडत नाही."

"उघडत नाई? मंग खाते कशानं?"

मी हसून सोडून दिलं. गजानं सोडलं नाही! मला न विचारता पठ्ठ्यानं आठवडाभर बसून दोन्ही बैलांच्या तोंडात एकेक करून दात बसवले, खालच्या जबड्यात, वयाप्रमाणं. तिकडं छकड्याचं चाक अजून फिरत नव्हतं. गेममध्ये कॅमेरा बैलांच्या मागं असतो. खेळणाऱ्याला बैलाचं शेपूट दिसतं, फार तर कान! मी गजावर एवढी चिडले की खाली सेठनी दुकानाचा रेडिओ बंद केला.

गजा शांतपणे म्हणाला, "पन काकायनं जोडी पसंत केली ना?"

*

रफीकला गर्दीचा आवाज आणायला खऱ्या पटाला पाठवलं. दिवसभर उन्हात उभा राहून तो चांगलं काम करून आला. जोडी सुटताना होणारा गलका, शिट्ट्या, घुंगरं, सगळं आलं होतं. फक्त मधूनच एक माणूस जिवाच्या आकांतानं ओरडत होता. मी म्हटलं, "तो आवाज काढून टाक." रफीक म्हणाला, "काढतो ना."

न काढताच त्यानं फाईल पुण्याला पाठवली.

दोन दिवसांनी केतकी मॅडमचा मेल. परदेशातल्या टीमला आवाज फार आवडला. विशेषतः मधली ती एकट्या पुरुषाची आरोळी! त्यात मातीतली ऊर्जा आहे म्हणे. खेळणारा जिंकला की दर वेळी तीच वाजवा.

मी मॅडमना फोन केला. "मॅडम, तो माणूस काय म्हणतोय ते ऐकलंत का?"

"अगं, भाषा महत्त्वाची नाही, भावना महत्त्वाची!"

तर आता आमच्या गेममध्ये तुम्ही पट जिंकलात की ढोल वाजतो, गुलाल उधळला जातो आणि गर्दीतून तो एकच आवाज गरजतो, "अबे, माही मोटरसायकल कोनं हलवली बे!"

*

मॅडमचे मेल हा स्वतंत्र विषय आहे. चाबूक नको, हे आम्ही आधीच मान्य केलं होतं, तो नव्हताच. मग आलं, बैलांना घाम नको. मग आलं, धूळ कमी करा, बैलांच्या डोळ्यांत जाईल. आणि शेवटी, "बैल आनंदी दिसले पाहिजेत. त्यांना हसू द्या."

मी लिहून पाठवलं की बैल हसत नाहीत. उत्तर आलं, "आपले हसतील."

गजानं बैल हसवले, आणि हसू दिसावं म्हणून खेळ सुरू होण्याआधी त्यांना समोर तोंड करून उभं केलं. आता तोंड उघडायची सोय होतीच! मी डोळ्यांवर हात ठेवून बसले होते, तेवढ्यात काका आले. टीव्हीसमोर उभे राहिले, एकदा या बाजूनं पाहिलं, एकदा त्या बाजूनं. चेहरा गंभीर.

"पोरी, याले जनावराच्या डाक्टरले दाखव. गालफडं सुजले याचे."

*

दोघांनी मिळून खेळायचा भाग तयार झाला. दोन खेळाडू, दोन जोड्या, जो आधी रेषा ओलांडेल तो जिंकला. तपासायला बाहेरची माणसं हवी होती. त्या दिवशी मोहनसेठकडं त्यांचे नवे व्याही आले होते. पोरीचं लग्न नुकतंच झालेलं, व्याही पहिल्यांदाच घरी. सेठ त्यांना कौतुकानं वर घेऊन आले. "पाहा, आमच्या इथं काय काय चालते!"

दोघांच्या हातात कंट्रोलर दिले. पहिल्यांदा दोघंही रंगात आले. जोड्या भन्नाट सुटल्या. गजा खूश, मी खूश. रेषा जवळ आली तशी सेठची जोडी पुढं निघाली. सेठच्या ते ध्यानात आलं आणि त्यांनी झटकन हात मागं ओढला.

"व्हा ना व्याही, तुमी पुढं व्हा."

"नाई नाई, आमी कशे पुढं जाऊ? पोरगी तुमी देली. तुमीच व्हा."

"वा! घरी आलेल्या पाव्हन्याले मांगं ठेवू काय?"

दोन्ही जोड्या रेषेला नाक लावून उभ्या! दोघंही कासरे छातीशी आवळून एकमेकांना आग्रह करताहेत. मी कळवळून म्हटलं, "सेठ, कुणीतरी जा हो, हा खेळ आहे!" दोघांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी पंगतीतून कुणाला उठवलं होतं.

कुणीच रेषा ओलांडली नाही तर पुढं काय करायचं, हे आम्ही गेमला शिकवलंच नव्हतं. कुणाच्या डोक्यात येईल? थोडा वेळ वाट बघून गेमनं मान टाकली. पडदा काळा.

व्याही समाधानानं म्हणाले, "बरोबरीत सुटलं. चांगला खेळ हाय."

*

आता डेमोचं सांगते.

परदेशातले मोठे साहेब व्हिडिओवरून स्वतः बघणार होते. खेळणार काका, कारण एव्हाना कंट्रोलर हातात घेऊन जोडी पूर्ण वेगात, न उलटता नेणारा आमच्याकडं तेवढा एकच माणूस. मॅडमनी तारीख कळवली, मी कॅलेंडर पाहिलं आणि म्हटलं, "मॅडम, त्या दिवशी पोळा आहे."

"बैलांचा सण? तो बेंदूर ना? आमच्या गावाकडं झाला की कधीच!"

"आमच्याकडं आता आहे."

"सरकारी सुट्टी नाही ना? मग झालं."

मीही विचार केला, टीव्हीतल्या बैलांना कसला पोळा! हो म्हणून टाकलं.

डेमोच्या दिवशी काका आले ते धुतलेलं धोतर, कोरी टोपी आणि हातात डबा घेऊन. बाजूच्या लॅपटॉपवर व्हिडिओ लागलेला. साहेब, त्यांच्या बाजूला चार माणसं, कोपऱ्यात मॅडम. मी दोन्ही कंट्रोलर काकांपुढं धरले. काकांनी हात मागं बांधले.

"आज जोडी पळनार नाई."

मी कंट्रोलर आणखी पुढं केले. "काका, असं काय करता? खरे बैल थोडेच आहेत हे?"

"कामाले लागलो तवापासून तू मले एकच इचारून राह्यली, काका, खरे वाटतात काय, काका, खरे वाटतात काय. आज वाटून राह्यले, तं तूच नाई म्हनतं?"

मी गजाकडं वळले. गजा भिंतीला टेकला. "मी नाई पळवत. आज मानेवर जू ठेवलं म्हनून कळलं, तं माय मले घरात घेनार नाई."

रफीक म्हणाला, "माह्याकडं कायले पाहून राह्यल्या? पटात बैलवाल्यायनंच मले घुंगरं वाजवून देल्ले. त्यायले तोंड कोनतं दाखवू?"

मॅडम लॅपटॉपवरून कुजबुजत होत्या, "काय चाललंय? सुरू करा ना!" मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. मालेगाव, स्कूटी, आईचं जेवण, सगळं डोळ्यांपुढून निघालं होतं. म्हटलं, जाऊ दे, मीच पळवते. कंट्रोलर घट्ट धरून टीव्हीसमोर उभी राहिले. बैल आमच्याकडं तोंड करून दोन्ही कान हलवत उभे होते. काका डब्याचं झाकण काढत होते. पुरणाचा वास आला.

माझे हात हलेनात. खरंच हलेनात. कंट्रोलर टेबलावर ठेवले आणि साहेबांना इंग्रजीत सांगितलं की सर, आज आमच्याकडं बैलांची सुट्टी आहे, आज ते पळणार नाहीत.

मॅडमनी डोळे मिटून घेतले. काकांनी तेवढ्यात टीव्हीच्या काचेला कुंकवाची दोन बोटं लावली, एका बैलाच्या कपाळी एक, दुसऱ्याच्या कपाळी एक, आणि पुरणपोळीचा घास पडद्यासमोर धरला. साहेब वाकून वाकून बघत होते. मग ते बाजूच्या माणसाशी बोलले, तो मॅडमशी बोलला.

मॅडमनी डोळे उघडले. त्यांचा आवाज वेगळाच आला. "साहेब विचारतायत, उद्या चालेल का?"

मी काकांना सांगितलं.

"उद्या तं कर हाय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कोन जुंपते?"

मी तेही जीव मुठीत धरून इंग्रजीत सांगितलं. परत तिकडं बोलणं झालं. साहेबांनी डायरी उघडली, पेन काढलं.

मॅडम म्हणाल्या, "ते त्यांचं दुसरं काम पुढं ढकलतायत. परवा किती वाजता, ते विचारताहेत."

मी काकांकडं पाहिलं. काकांनी हात धोतराला पुसले.

"थांब म्हना त्यायले. इचारून सांगतो," आणि ते टीव्हीकडं वळले.