साकवाच्या थांब्याची काच

१७ मार्च १९३१. माणसे चार.

एका काचेच्या निगेटिव्हच्या पाकिटावर पेन्सिलीने तारीख लिहिलेली होती आणि तिच्यापुढे नुसता चारचा आकडा होता. ‘माणसे’ हा शब्द त्यावर नव्हता. तो जोडला जायला नव्वद वर्षांहून अधिक काळ जावा लागला. तोवर रामनाथ चुरी त्या चाराला काचेचा क्रमांक समजत होते.

रामनाथ मूळचे चिंचणीचे. घरची चिकूची वाडी भावाकडे सोपवून त्यांनी तरुणपणी डहाणूत एका वृद्ध फोटोग्राफरचा स्टुडिओ घेतला. स्टुडिओबरोबर माळ्यावरची काचांची पेटीही आली. लग्नाचे फोटो मोबाइलवर निघू लागले तशी गिऱ्हाइके ओसरली. आता तिथे पासपोर्टचे फोटो आणि लॅमिनेशन एवढेच चालते. मात्र रामनाथांचा खरा जीव वेगळ्याच छंदात होता. जुन्या फोटोतले रेल्वे स्टेशन ओळखून देणे. लोक त्यांना कुठकुठले फोटो पाठवत: पारतंत्र्यातल्या साहेबाची पाहणी, आजोबांची बदली, गाडीची वाट पाहणारे वऱ्हाड. रामनाथ भिंग घेऊन बसत. छपराचा उतार, पाण्याची टाकी, दिव्याच्या खांबाचा वाक, सावलीची दिशा. दोन-चार दिवसांनी उत्तर जाई, आणि ते बहुधा बरोबर असे.

“कपाळावरचा चष्मा घरभर शोधतात,” त्यांच्या पत्नी मयुरा आल्यागेल्याला सांगत, “आणि शंभर वर्षांपूर्वीचं स्टेशन बसल्या जागी सापडतं यांना!”

“चष्मा हलतो,” रामनाथ शांतपणे म्हणत. “डोंगर हलत नाही.”

हे त्यांचे सूत्र होते. स्टेशने पाडली जातात, झाडे पडतात, नावे बदलतात. मागची डोंगराची रेघ तेवढी राहते. फक्त एका फोटोने त्यांना दाद दिली नव्हती, आणि तो त्यांच्याच भिंतीवर होता.

त्या चार आकड्याच्या काचेवरून त्यांनी पूर्वी, स्टुडिओत अंधारखोली होती तेव्हा, तो छापला होता. काचेवरचा, चित्र धरून ठेवणारा मसाला पापुद्रे धरून सुटू लागला होता. तो कागदाला चिकटून निघेल या भीतीने त्यांनी काच उलटी ठेवली, मसाला वर आणि नुसती काच कागदाकडे. छाप किंचित धूसर आला, पण मसाला वाचला. फोटोत रुळांचा एक फाटा होता, सागाच्या ओंडक्यांची रास होती, कुडाची शेड होती आणि पाठमोरी उभी असलेली माणसे होती. बहुधा फोटोग्राफरने ‘काम करताना दिसा’ असे सांगून त्यांना वळवले असावे. प्रत्येकाच्या कमरेला मागे लाकडी आकडी होती, आणि आकडीत कोयता. त्यांच्या पलीकडे दोन उंचवट्यांचा डोंगर.

हा डोंगर घोलवडच्या बाजूच्या एका टेकडीशी अर्धामुर्धा जुळत होता. जो खांदा जुळत नव्हता तो दगडाच्या खाणीने खाल्ला असावा, असे रामनाथांनी ठरवले. या भागात तसे ठरवणे सोपे आहे. खाणींनी इथे डोंगरांनाही हलवले आहे. फोटोखाली त्यांनी चिठ्ठी लावली: ‘घोलवडच्या उत्तरेस, अंदाजे.’ ते ‘अंदाजे’ त्यांना रोज टोचत असे.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात तलासरी तालुक्यातल्या झरीहून नवशीबाई स्टुडिओत आल्या. वारली समाजातल्या, पासष्टीच्या आसपासच्या, वाडीकामावर जाऊन संसार उभा केलेल्या बाई. थोरल्या भावाचा, लक्ष्याचा, एक जुना फोटो त्यांना मोठा करून हवा होता.

“घाई आहे?” रामनाथांनी विचारले.

“घाई त्याला हाय. दमा हाय, शेठ. छाती भात्यासारखी चालते.”

“मला शेठ म्हणू नका हो.”

“मग काय म्हणू? फोटोवाला म्हटलं तर राग येल.” त्या हसल्या आणि भिंतीकडे पाहू लागल्या. पाहता पाहता त्यांचे हसू वाढले. “ही कुठली माणसं? सगळीच्या सगळी डावरी!”

“डावरी कशावरून?”

“कोयत्याची मूठ बघा ना. आकडीत कोयता ठेवतात तो उजव्या हाताला काढायला सोपा. यांच्या मुठी सगळ्या डाव्या अंगाला. एखादा असतो तसा. आमच्या पाड्यात एक होता, त्याला पोरं चिडवायची. अख्खी टोळी डावरी कुठून आणली तुम्ही?”

रामनाथांना आधी थोडा राग आला. मग ते उठले, भिंतीवरचा फोटो काढला आणि त्याला आरशासमोर धरला. आरशातली माणसे उजवी झाली. डोंगराचा तुटका वाटणारा खांदा दुसऱ्या अंगाला गेला आणि तो तुटकाही दिसेना. मसाला वाचवण्यासाठी आपण काच उलटी ठेवली होती, म्हणजे सगळे जग उलटे छापले होते, आणि इतकी वर्षे आपण त्या उलट्या जगात डोंगर शोधत होतो, हे त्यांना कळले. ते खुर्चीवर बसले आणि स्वतःशीच हसले.

“कुठलं ठिकाण हाय ते?” नवशीबाईंचा आवाज बदलला होता. “ही लाकडं... गाडीत भरायची?”

“लाकडाचा फाटा दिसतो. तारीख आहे. एकतीस सालचा मार्च. आणि काच क्रमांक चार.”

“चार,” नवशीबाई म्हणाल्या. “चारच मेली.”

मग त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. त्यांचा आजा लाकडाच्या ठेकेदाराच्या वेठीवर किनाऱ्याकडे गेला होता. ‘साकवाचा थांबा’, म्हणजे ओहोळावरच्या लहान पुलाजवळचा थांबा, एवढेच ठिकाणाचे नाव घरात टिकले. ओंडक्यांची रास सुटली आणि चौघे खाली आले. झरीची माणसे पायी पोहोचली तोवर ठेकेदाराने प्रेतांची विल्हेवाट लावली होती, आणि जागा दाखवायला कोणी पुढे आले नाही. या घराण्याची रीत अशी की, असा अपघाती गेलेला माणूस ‘वीर’ होतो. तो जिथे पडला तिथली माती आणून पाड्याच्या वेशीवर त्याचा दगड बसवायचा, आणि तो थेट वंशातल्या पुरुषाने. तोवर त्याचे नाव मोठ्याने घ्यायचे नाही; बापाने ते मुलाच्या कानात तेवढे सांगायचे. लग्नात मेलेल्या सगळ्यांना हाका मारतात, त्यात त्याला हाक नाही. नवशीबाईंच्या बापाला ती जागा सापडली नाही. आता वंशात लक्ष्याच उरला होता.

“त्याचा मोठा फोटो कशाला, समजलं ना?” त्या म्हणाल्या. “तो गेला की भिंतीला लावायला. पण तो गेला तर आज्याला कोण बसवणार?”

पाकिटावरचा चार हा काचेचा क्रमांक नव्हता, मेलेल्या माणसांचा आकडा होता, हे रामनाथांना उमगले. त्या दिवसानंतर त्यांचा छंद छंद राहिला नाही. त्यांनी काच पुन्हा काढली आणि मोबाइलवर सुलटी करून तिचा छाप घेतला. सुलटी रेघ तिकडच्या डोंगराशी जुळेलशी वाटली, म्हणून घोलवड सोडून डहाणूच्या दक्षिणेला, वाणगावच्या दिशेने शोध सुरू झाला. बासष्टाव्या वर्षी मयुराबाई स्कूटर चालवत होत्या आणि मागे रामनाथ छाप छातीशी धरून बसत.

“लग्नानंतर एवढं कधी फिरवलं नाहीत मला,” मयुराबाई म्हणाल्या.

“आत्ताही तूच फिरवतेयस.”

जुन्या फोटोची जागा पक्की करायची त्यांची पद्धत साधी होती. जवळचा उंचवटा लांबच्या उंचवट्याला किती झाकतो ते पाहायचे. चार पावले इकडेतिकडे झाली तरी ते माप बदलते. एका चिकूच्या वाडीत, ओहोळाच्या काठाशी, धाकटा उंचवटा मोठ्याच्या मागून फोटोत डोकावतो तेवढाच डोकावला. पायाखाली वाडीच्या तांबड्या मातीत रुळांखाली घालतात तशी काळी खडी होती. ओहोळात वेलींखाली घडीव दगडांचे दोन खांब समोरासमोर उभे होते. वरचा साकव नव्हता. साकवाचे पाय होते.

वाडी निघाली मयुराबाईंच्या मावसभावाची, भावेशची. त्याने चहा पाजला, फोटो पाहिला, कौतुक केले. मातीचा विषय निघाल्यावर मात्र कप खाली ठेवला.

“भावजी, तुम्ही साधे आहात. आज माती मागतील, उद्या पूजेला येतील, परवा सांगतील जागा आमच्या देवाची.”

“दगड झरीला बसणार आहे,” रामनाथ म्हणाले. “इथून ओंजळभर माती जाणार.”

“ओंजळीनंच सुरू होतं सगळं.”

मयुराबाईंनी वर पाहिले. भावेशच्या ओसरीच्या तुळया सागाच्या होत्या, जुन्या, एकसंध. चिंचणीच्या चुरींच्या घरालाही तशाच होत्या.

“भावेश,” त्या म्हणाल्या, “ही लाकडं ज्यांनी जंगलातून उतरवली, त्यांचीच माणसं ती. ओंजळीचा हिशोब तू काढू नकोस. त्यांनी काढला तर आपल्याला बसायला ओसरी राहायची नाही.”

भावेशने खाली ठेवलेला कप उचलून उरलेला चहा संपवला. मग म्हणाला, “ताई, तू लहानपणापासून अशीच. रविवारी या. फाटक उघडं ठेवतो.”

रविवारी लक्ष्या टेम्पोतून आले, गादीवर आडवे, डोक्याला नवे फडके. ओहोळापर्यंत त्यांना दोघांनी धरून नेले. रामनाथांनी सुलटा छाप त्यांच्या हातात दिला आणि डोंगराकडे बोट केले. लक्ष्यांनी आधी फोटोकडे, मग डोंगराकडे पाहिले.

“यातला कोणता आमचा?”

“पाठमोरे आहेत सगळे,” रामनाथ म्हणाले. त्यांना अपराधी वाटत होते, जणू फोटो त्यांनीच काढला होता.

“चालंल,” लक्ष्या म्हणाले. “कामावर होता ना, पाठच दिसणार.” त्यांनी फोटोतल्या प्रत्येक पाठीवर बोट टेकवले. मग खाली बसून फडक्यात माती घेतली, काळ्या खडीसकट. भावेश फाटकाशी चपला काढून उभा होता.

दगड त्याच आठवड्यात झरीच्या वेशीवर बसला. भगताने शेंदूर लावला. लक्ष्यांना पुरेसा श्वास नव्हता, म्हणून सगळे थांबले. श्वास आला तेव्हा त्यांनी हाक मारली: “शिडवा!” ते नाव नवशीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. त्या रडल्या नाहीत. रामनाथांकडे वळून म्हणाल्या, “फोटोवाले, ऐकलंत? शिडवा नाव होतं.”

लक्ष्या पुढच्या पावसाळ्यात गेले. त्याआधीच्या वैशाखात पाड्यातल्या लग्नात पितरांना हाका मारल्या तेव्हा शिडवाचे नाव घेतले गेले होते.

स्टुडिओच्या भिंतीवर आता सुलटा फोटो आहे. खालच्या चिठ्ठीत ‘अंदाजे’ नाही; ‘साकवाचा थांबा’ असे लिहिले आहे, आणि त्याखाली एक नाव व तीन रिकाम्या ओळी. फोटोला येणाऱ्या प्रत्येकाला, तलासरीचा असो, उधव्याचा असो, रामनाथ त्या ओळी दाखवतात आणि घरात कोणी विचारून पाहील का, असे म्हणतात. ओहोळाकडचे फाटक भावेश अजून उघडे ठेवतो.

चौघांपैकी शिडवाचा दगड बसला आहे. तिघांची नावे कळलेली नाहीत, त्यांची माती तिथेच आहे, आणि त्या लाकडाच्या घरांत राहणाऱ्यांकडून चौघांचेही देणे अजून फिटलेले नाही.