उलटा फिरणारा पंखा

गुरुग्रामच्या एका नव्या टॉवरच्या तळघरात हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा मला सुरू करून द्यायचा होता. मेन स्विच बंद करून, त्याला कुलूप घालून किल्ली मी खिशात ठेवली होती. मोटरवरून पंखा फिरवणारा पट्टा अजून चढवलेला नव्हता, तरी पंखा सावकाश उलटा फिरत होता. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. डक्टमधून वारा मागे आला की असं होतंच. पण पंखा थांबल्याशिवाय आत हात घालता येत नाही, आणि हा काही केल्या थांबेना. बाहेर मी दिवसभर हिंदीच बोलतो, पण वैतागलो की तोंडातून मराठी येते.

"थांब की रे जरा!" मी ओरडलो.

पंखा तिथल्या तिथे थांबला.

दिल्लीत वाढलेली माझी मुलंसुद्धा मराठीत सांगितलेलं इतक्या चटकन ऐकत नाहीत. मी निमूटपणे पट्टा चढवला, मोटर मागे सरकवून त्याला ताण दिला, अंगठ्याने दाबून पाहिला. मग, का कोण जाणे, हळूच विचारलं, "करू या सुरू?"

पंखा अर्धा फेरा फिरला. या वेळी सुलटा.

माझा हात आपोआप खिशात गेला. किल्ली तिथेच होती.