उष्टावणाची वाट

हातात काहीही आलं, की तो ते अंगठ्यानं शेजारच्या बोटावर घासून बघायचा. खडू आला, घास. ज्वारीचा दाणा, शाईची पूड, नव्या टोपीचं कापड, सगळं आधी चिमटीत. एकदा वरच्या कचेरीतून लिफाफा आला, तर तोही त्यानं तसाच तपासला आणि मग माझ्या हातात दिला. "कागद जाडा शे, मास्तर. काहीतरी कडक लिखेल व्हई." उघडला तर खरंच कडक लिहिलं होतं.

तो आमच्या शाळेचा शिपाई. तापीकाठी प्रकाशाच्या शाळेत मी हेडमास्तर म्हणून पुण्याकडून बदलून आलो, तेव्हा त्यानं पन्नाशी ओलांडली होती. मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं माहीत होतं. वडिलांच्या वयाच्या त्या माणसाला मी अरे-तुरे करायचो आणि तो मला मान द्यायचा. तेव्हाची रीतच होती ती, असं म्हणून मी अजूनही स्वतःची समजूत काढतो.

शाळेच्या भिंतीला लागून आमचं बिऱ्हाड, आणि शाळेच्या मागे त्याची खोपी. घरचं पाणी तोच भरायचा; बायको त्याला बाबा म्हणायची. माझी मुलगी जन्मली आणि तीन महिन्यांची होऊन आईबरोबर माहेराहून आली, तेव्हापासून सकाळी बायकोचा स्वयंपाक होईपर्यंत पोरगी त्याच्या खांद्यावर असायची. हे मला चाले, कारण माझं लक्ष पोरीपेक्षा पुस्तकात अधिक होतं.

पुस्तक बालसंगोपनावरचं होतं, इंग्रजीवरून भाषांतर केलेलं. मी ते दोनदा वाचून काढलं आणि शाळेचं वेळापत्रक करावं तसं मुलीच्या दुधाचं वेळापत्रक केलं. तांबड्या शाईत रेघा मारल्या, स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलं. घरात घड्याळ नव्हतं, म्हणून बायकोला बजावलं, की शाळेची घंटा हीच दुधाची वेळ. मध्ये कितीही रडली तरी घ्यायची नाही. रडण्यानं फुप्फुसं बळकट होतात, असं पुस्तकात होतं.

त्यानंतर महिनाभर आमची मधली सुट्टी रोज लवकर होऊ लागली. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. मी शाळेचं घड्याळ उघडलं, तेल घातलं, अखेर शहाद्याला दुरुस्तीला पाठवलं. घड्याळजीनं ते काहीही बिघाड नाही म्हणून परत केलं. मग एक दिवस मी वर्गातून उठून बाहेर आलो. रुळाचा तुकडा टांगून केलेल्या त्या घंटेपाशी हा हातोडी घेऊन उभा, आणि कान आमच्या भिंतीकडे.

"घड्याळ बघून घंटा देतोस की नाही तू?" मी ओरडलो.

"घड्याळले काय समजस, मास्तर? पोर रडनी का मी वाजाडस."

शाळेतली दीडशे पोरं रोज माझ्या मुलीच्या भुकेवर सुटत होती. मी त्याला लेखी ताकीद दिली. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून ती मीच त्याला वाचून दाखवली. त्यानं ताकीद चिमटीत घासून पाहिली आणि टोपीत ठेवली.

पोरगी सात महिन्यांची होत आली तेव्हा बायकोला हिवतापानं धरलं. एक दिवसाआड थंडी भरून यायची, आणि अंगावरचं दूध कमी होत गेलं. मी पुस्तकाप्रमाणे गाईच्या दुधात पाणी मोजून घालू लागलो. पण पुस्तकानं एक गोष्ट खडसावून सांगितली होती, की पुढचे चार दात आल्याशिवाय धान्याचा कणही पोटात जाता कामा नये. आमच्या मुलीच्या हिरड्या तर आरशासारख्या गुळगुळीत.

मी जेवायला बसलो की ती माझ्यासमोर बसायची आणि माझा हात ताटातून तोंडापर्यंत जाईतो डोळ्यांनी पोहोचवायची. एकदा तिनं भाकरीचा तुकडा मुठीत धरला. मी बोटं उलगडून तो काढून घेतला. तिनं जो हंबरडा फोडला तो अंगणात पाणी ओतणाऱ्या त्याच्या कानी गेला. तो दारात येऊन उभा राहिला.

"मास्तर, पोर बठस. मान धरस. तुमना घासकडे दखस. आते आखो काय सांगी ती?"

"दात कुठे आहेत तिला?"

त्यानं तोंड उघडून दाखवलं. "मन्हा तोंडमा तीनच शेतस. मी काय जेवत नही का?"

मी त्याला शाळेत जायला सांगितलं. शास्त्रीय विषयावर शिपायाशी वाद घालणं मला कमीपणाचं वाटत होतं.

"निदान उष्टावण तरी करून टाकू," बायको म्हणाली. आता गंमत बघा. मुहूर्त-बिहूर्त मी मानत नसे, पण तिच्या माहेरची रीत अशी, की पहिला घास मामानं सोन्याच्या अंगठीनं भरवायचा. त्याआधी अन्न नाही. मेहुणा चांदीची वाटी घेऊन निघालाही होता, पण तापी दुथडी भरलेली, नावा बंद. पलीकडच्या काठावर तीन दिवस काढून तो परत गेला आणि पूर उतरल्यावर येतो म्हणून पत्र टाकलं. मला मनातून बरंच वाटलं. पुस्तक थांब म्हणत होतं, रीतही थांब म्हणत होती. सुधारक आणि सनातनी यांचं एकमत झालं होतं, आणि दोघांच्या मध्ये माझी पोरगी भुकेली होती.

दर रविवारी मी तिला कापसाच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर तोलून आणायचो. तीन रविवार काटा एकाच खुणेवर थांबला. तिसऱ्या रविवारी तर केसभर मागेच आला. मांड्यांवरच्या वळ्या गेल्या, रडण्यातला जोर गेला. खरं सांगतो, त्या दिवशी व्यापाऱ्याच्या ओट्यावर मला भीती वाटली. घरी येऊन मी पुस्तक पुन्हा वाचलं आणि दुधातलं पाणी दोन चमचे कमी केलं.

आणि काय सांगू, पुढच्या रविवारी काटा वर! त्यापुढच्या रविवारी आणखी वर. गाल भरले, पोरगी खिदळू लागली. दोन चमच्यांचा हा प्रताप पाहून मी एक निबंध लिहिला, 'दुग्धाहार आणि शिस्त', आणि शहाद्याच्या शिक्षकसभेत तो चष्मा पुसत पुसत वाचला. टाळ्या पडल्या. एका वृद्ध गुरुजींनी कोष्टक उतरवून घेतलं. त्यांच्या नातवंडांचं पुढे काय झालं याची मला अजून अधूनमधून काळजी वाटते.

पूर उतरला, मामा आला. तोवर पोरीला नववा महिना सरत आला होता. पाट मांडला, रांगोळी काढली, चार शेजारणी आल्या. वाटीत तांदळाची खीर. मी सगळ्यांना सांगून ठेवलं, की पहिल्या घासाला मूल तोंड वाकडं करतं, जिभेनं बाहेर ढकलतं, तर कोणी घाबरू नये. मामानं अंगठीवर खिरीचा थेंब घेऊन पुढे केला. पोरीनं आऽऽ करून तोंड उघडलं, थेंब गिळला, आणि अंगठीसकट बोट धरून ठेवलं. दुसरा घास, तिसरा घास. गालाच्या या बाजूनं त्या बाजूला खीर फिरवून ती अशी बेतानं गिळत होती, जणू चार पंक्ती जेवून आलेली.

"भाऊजी, हिचं उष्टावण झालेलं दिसतंय," मेहुणा म्हणाला.

तेवढ्यात खीर संपली. पोरीनं वाटीत पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. दारात तो पाण्याची घागर घेऊन उभा होता. तिनं आपला इवलासा हात त्याच्याकडे केला आणि अंगठा बोटावर घासला. एकदा नाही, तीनदा. शेजारणी हसू लागल्या. बायकोनं मान खाली घातली. घागर तिथेच ठेवून तो मागच्या मागे सटकला.

मी खोपीपर्यंत त्याच्या मागे गेलो. चुलीपाशी एका वाटीवर दुसरी पालथी घातलेली होती. आत भगर मऊ शिजवून झाकलेली.

"कुणाला विचारून दिलंस?"

"तिलेच इचारीसन दिधं," तो म्हणाला. "आधी बोटवर पातळ, नखभर. दोन-चार दिन तेच. पोटले वळख पडू दिधी. मंग जरासं घट्ट. मंग मुगनं वरण. गुठळी ऱ्हायनी नही ना, ते घासी घासी दखस. तोंड उघडं का घास दिधा, तोंड फिरावं का बस. जबरदस्ती एक दिन करी नही, मास्तर."

"आणि काही झालं असतं म्हणजे? थोडी वाट बघवत नव्हती?"

त्यानं भगरीची वाटी पुन्हा झाकून ठेवली आणि म्हणाला, "वाट मी एकदाव दखेल शे."

बाकीचं मला बायकोनं सांगितलं. त्याचा पहिला मुलगा असाच होता. आईचं दूध आटलेलं, आणि मामा कापसाच्या कामाला गुजरातेत गेलेला. मामाशिवाय घास द्यायचा नाही, म्हणून सगळं घर वाट पाहत बसलं. मामा आला, तेव्हा पाटावर बसवायला मूल नव्हतं. "आपला काटा मागे आला ना, त्या रविवारी मी पोरीला घेऊन बाबांच्या खोपीत गेले," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही पुस्तक काढलं असतंत."

हे अगदी खरं होतं. मी पुस्तक काढलंच असतं.

मला फार लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून माणूस लगेच सुधारतो असं नाही. मी त्याला चांगलंसं काहीच बोललो नाही. वेळापत्रक मात्र खिळ्यावरून काढलं, आणि तांबड्या शाईच्या त्या कागदावर पोरगी पुढे रांगत वरण सांडत असे. निबंध मी मागे घेतला नाही. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं.

पोरगी नऊ वर्षांची असताना तो छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला. बायकोनं भगरीची पेज करून दिली. मी वाटी घेऊन गेलो, पोरगी बरोबर आली. दुपारची वेळ होती, खोपीत ऊन आलं होतं. मी त्याला टेकवून बसवलं. त्यानं दोन चमचे घेतले. तिसऱ्याला तोंड फिरवलं.

"अजून एक," मी म्हणालो. "फक्त एक. अंगात ताकद नको का यायला?" त्याचं तोंड जिकडे वळेल तिकडे मी चमचा नेऊ लागलो. ओठांवरून पेज ओघळली.

पोरीनं माझं मनगट धरलं. "अण्णा, बाबांनी तोंड फिरवलं ना. बस."

मी वाटी खाली ठेवली. तो माझ्याकडे पाहून हसला. आता एकही दात उरला नव्हता. तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्याच्या जागी आलेला शिपाई चोख होता. घंटा अगदी काट्यावर काटा आल्यावर. एकदा मी वर्गाबाहेर ओसरीत उभा होतो. मधल्या सुट्टीला दहा मिनिटं अवकाश होता. पलीकडे आता दुसऱ्या मास्तरांचं बिऱ्हाड होतं, आणि भिंतीमागे त्यांचं तान्हं रडायला लागलं. नव्या शिपायानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मी खुंटीवरची हातोडी काढली आणि घंटा दिली.