कडूकंद

ती केस आठवली की आजही हातातला घास हातातच राहतो. ऐंशीच्या आसपासची गोष्ट, मी तेव्हा फौजदार होतो. ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने उभे राहत होते आणि महाप्याच्या वरच्या डोंगरात कातकऱ्यांचा एक पाडा होता.

एका सकाळीच गावचा पोलीस पाटील आमच्या पोलीस ठाण्यात आला. "सायब, पाड्यावर मायलेक ओकून ओकून मेले. सून ठणठणीत हाय. तिनंच कायतरी घातलं." आमचे हवालदार खूश झाले, आरोपी घरबसल्या मिळाला होता. आकस्मिक मृत्यूची नोंद करून मी जीप काढली.

झोपडीचा पंचनामा लगेच उरकला, कारण लिहायला काही नव्हतंच. तीन दगडांची चूल, एक मडकं, एक कोयता, दांडीवर फाटकं लुगडं. धान्याचा दाणा नाही, मीठसुद्धा नाही. मडक्याच्या तळाला कसलासा लगदा होता, तो तपासणीला पाठवला.

सुनेला ठाण्यात आणलं. खुनाचं कलम लागलं असतं तर तिचा जन्म तुरुंगात गेला असता. हवालदाराने आवाज चढवला, तेव्हा त्याला बाहेर काढून मी तिच्यापुढे चहा-पाव ठेवला.

"काय शिजवलं होतंस?"

"कडूकंद."

हा कंद विषारी. चकत्या उकडून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्या, की मग विष उतरतं. पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक.

"मग ओहोळात का नाही ठेवलास?"

"ओहोळ कारखान्याच्या कुंपनात गेला. खालच्या गावच्या हिरीवर पानी भरू देत नाय. मडक्यातच भिजवला, येकदाच पानी बदललं. सासू म्हनली, आता धीर निघत नाय, वाढ."

पटण्यासारखं होतं. पण कोर्टात जो पहिला प्रश्न आला असता, तो मीच विचारला.

"दोघांनी खाल्लं. तू का नाही खाल्लंस?"

मी खुळा असल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. "बाई मागनं खाते, सायब. माझ्यापर्यंत उरलंच नाय."

तिचं वाक्य मी जबाबात जसंच्या तसं उतरवून घेतलं.

अहवालात कंदाचंच विष निघालं आणि ती सुटली. भुकेला कोंडा, ही म्हण आपण पोट भरल्यावर म्हणतो, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर कोणालाही चौकशीला आणलं की पहिला प्रश्न मी हाच विचारायचो, शेवटचं जेवलास कधी? पुष्कळ जणांना उत्तर आठवायला वेळ लागायचा.

पुढे एकदा दुसऱ्या कामाने त्या डोंगरावर गेलो, तर ती उतारावर खणत बसलेली. टोपलीत तोच कंद. मी ओरडलोच, "अगं, यानंच घर गेलं ना तुझं?"

"व्हय सायब," ती म्हणाली आणि खणत राहिली.

तिला अडवायला माझ्याकडे कलम नव्हतं, आणि द्यायला भाकरीही नव्हती.