ज्याची ताटली त्यानं आणावी

केशोरीच्या आमच्या विहारात एकवेळ त्रिशरण विसरलेला माणूस निभावून जाईल. घरून ताटली न आणलेला माणूस मात्र माझ्या मोठ्या मायच्या तावडीतून सुटलेला मी अजून पाहिलेला नाही. मोठी माय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. भोजनदान झालं की थर्माकोलच्या पत्रावळी विहारामागच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, फेकल्या जायच्या, आणि त्याच बोडीवर गावची गुरं पाण्याला यायची. खरकट्यासोबत थर्माकोल पोटात जाऊन मोठ्या मायची गाय मेली. तेव्हापासून बाईनं नेमच लावला : विहारात जेवायचं तर आपापल्या घरच्या ताटलीत. स्वतः दारात उभी! एकदा तालुक्याचे पुढारी रिकाम्या हातानं आले. "काऊन जी, तोंड आणलं अन् ताटली घरी ठेवली काय?" बिचारे गाडीतल्या डब्याचं झाकण घेऊन पंगतीला बसले.

मागे राहिलेल्या ताटल्या ती कोरलेलं नाव वाचून घरपोच करी. एका ताटलीवर चिचगडच्या माणसाचं नाव निघालं. ही एसटीनं जाऊन देऊन आली. अहो, तो त्यानं इथल्या लग्नात दिलेला आहेर होता! आहेर परत आला म्हणून तो रुसला, ताटली गेली म्हणून इकडचे रुसले. मोठे बाबा, म्हणजे माझे थोरले काका, आठवडाभर हसत होते. "लोकं तुले भिऊन आणतेत ताटली. तू दारात नसली का सारे थर्माकोलवर!" असं ते नेहमी म्हणायचे. ते तिला फार लागायचं.

गेल्या उन्हाळ्यात मोठे बाबा गेले. विहारात पुण्यानुमोदनाचं जेवण होतं, आणि नागपूरहून आलेल्या त्यांच्या मुलांनी थर्माकोलचे गठ्ठेच आणून ठेवले. मोठी माय आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली. मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "आता कायले बोलू रे? होऊ दे." ह्या बाईच्या तोंडी "होऊ दे" ऐकून मला भडभडून आलं.

जेवणाची वेळ झाली. दारात कोणीच उभं नव्हतं. तरी एकेक माणूस आला तो ताटली घेऊनच; कोणी पदराखाली धरलेली, कोणी काखेत, कोणी सायकलच्या कॅरिअरला बांधलेली. गठ्ठे तसेच बांधलेले राहिले. मी मोठ्या मायला हाताला धरून बाहेर आणलं. तिनं पंगतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हमसून हमसून रडली.

"तुह्या मोठ्या बाबाले हे दाखवाले पायजे होतं रे," ती म्हणाली.